वासंतीच्या नावाने केलेल्या अकरा सह्यांबाबत

दिनांक : ९ मार्च २०२६
यशवंतपूर, बेंगळूरु

प्रति,
माननीय श्री. शंतनु साळवे,
संचालक, ‘दीपवृक्ष’ ख्रिस्ती अभिजात गृहशिक्षण समूह,
कोरमंगला, बेंगळूरु.

विषय : कु. रक्षिता गिरीराज लाड (वय १०) हिच्या आठवडा १४ ते २४ च्या तक्त्यांवरील सह्यांचा खुलासा व तिला अंतिम पाठांतराला बसू देण्याबाबत विनंती.

संदर्भ : समितीचे पत्र, दि. २ मार्च २०२६ (श्रीमती वासंती गिरीराज लाड यांच्या नावे आलेले).

महोदय,

१. मी खाली सही करणार जमनाबाई दामोदर लाड, वय ७३, रक्षिताच्या वडिलांची आई. संदर्भातील पत्र मला नाही, माझी सून वासंती हिला लिहिलेले आहे. तक्त्यांवर केलेल्या सह्यांचा तिने स्वतः लेखी खुलासा करावा, असे त्यात तिला कळवले आहे. वासंती १२ नोव्हेंबर २०२५ रोजी डेंग्यूच्या तापाने वारली. आपल्या नोंदवहीत अजून तिचेच नाव असल्यामुळे पत्र तिला गेले असावे. ती खुलासा करू शकत नसल्याने पाकीट मी उघडले. तीही चूक धरायची असल्यास धरावी.

२. पत्रात मृत्यूचा दाखला मागितला आहे. तो सोबत जोडला आहे. दफनाच्या वेळी प्रार्थना आपणच म्हटली होती आणि माझा मुलगा गिरीराज याने माती टाकल्यावर दुसरी मूठ आपली होती. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. कार्यालयाला कागद लागतो, हे मला माहीत आहे.

३. अर्ज मराठीत लिहीत आहे, कारण आपण पुण्याकडचे आहात आणि वासंतीशी मराठीत बोलत असा. माझी शाळा कन्नडमधून झाली. आमचे घराणे शहाजीराजांच्या वेळी इकडे आले असे सांगतात, पण मराठी आम्हांला कोणत्या शाळेने शिकवली नाही. वडील अप्पासाहेब दर रविवारी सकाळी मला एक कागद देत आणि त्यावर अर्ज लिहायला लावत. कधी नळाबद्दल, कधी रस्त्यावरच्या दिव्याबद्दल, एकदा हत्ती पाळण्याच्या परवानगीबद्दल. अधिकारी कोणी नसे. अर्ज त्यांच्याकडेच जाई आणि ते तांबड्या पेन्सिलीने नामंजूर करून परत देत. खाली कारण लिहिलेले असे. बहुतेक वेळा एकच, ‘विषय एक आणि मागणी दुसरीच.’ सांगायचे एवढेच की घरी शिकणे ही गोष्ट मला परकी नव्हती. तरी रक्षिताच्या बाबतीत मी घरी शिकवण्याला विरोध केला.

४. कुटुंबाला उपक्रमाचे स्वरूप समजलेले दिसत नाही, असेही पत्रात म्हटले आहे. मला ते समजले तसे लिहिते. चार दिवस मूल घरी आईवडिलांपाशी शिकते आणि शुक्रवारी सगळी कुटुंबे कोरमंगल्याला एकत्र येतात. शुक्रवारी मुलासोबत घरचे मोठे माणूस हजर असावे लागते. लहान वयात मुले पाठ करतात, कारण त्या वयात पाठ होते. जगाच्या इतिहासातल्या घटना ओळीने, देश आणि नद्या, लॅटिनची रूपे, पाढे, बायबलमधली वचने. मोठी झाली की वाद घालायला शिकतात, त्याहून मोठी झाली की चारचौघांत उभे राहून बोलायला. सगळी विद्या एकाच ईश्वराची आहे, म्हणून इतिहास आणि गणित ही वेगळी घरे नाहीत, असे आपण मानता. वर्षाचे आठवडे चोवीस. अखेरीस मूल चोवीस आठवड्यांचे पाठांतर आधी घरी, मग शुक्रवारच्या शिक्षिकेला आणि शेवटी संचालकांना न अडखळता म्हणून दाखवते. शिकवणारे मूळ आईवडील आणि समूह त्यांच्या हाताखाली, हे वासंतीने मला इतक्या वेळा सांगितले की ते मलाही पाठ झाले आहे.

५. वासंती अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती घरातली. गिरीराज होसकोट्याच्या ज्या कारखान्यात आहे, तेथे कार्यालयात ती होती. लग्न झाले तेव्हा मी तिच्याशी सतरा दिवस बोलले नाही. अठराव्या दिवशी तिनेच विचारले, ‘अक्का, मीठ संपलं का कुठं ठेवलंय?’ आणि बोलणे सुरू झाले. घरातली मोठी माणसे मला अक्का म्हणतात, म्हणून तीही म्हणू लागली. रक्षिताला दुसरीनंतर शाळेतून काढले, तेव्हा मी पुन्हा अबोला धरला. आमच्या गल्लीत मूल सकाळी दहाला दारात दिसले तर ते आजारी असते. फुलवाली रोज विचारी, ‘स्कूल इल्वा?’, म्हणजे शाळा नाही का, आणि मी सांगे, ताप आहे. वर्षभर मी त्या मुलीला ताप आणला. वासंती त्याला हसे. म्हणे, ‘अक्का, तुम्ही एकोणतीसचा पाढा म्हणता ते पाठांतर, आणि आम्ही म्हणतो ते खूळ?’ पुढे भाजी निवडताना मी त्यांच्याजवळ बसू लागले. लॅटिन कळत नसे, चाल कळत असे. इतिहासाच्या ओळीत बेंगळूरु कोठेच नाही, असे मी एकदा म्हणाले, तर वासंतीने समासात पेन्सिलीने बेंगळूरुची एक ओळ लिहून घेतली आणि रक्षिताला सांगितले की ही ओळ फक्त घरी म्हणायची.

६. वासंतीने तेरा आठवडे शिकवले. तेराव्या तक्त्यावर तिची सही गुरुवार, ६ नोव्हेंबरची आहे. त्या दिवशी तिला कणकण होती. पुढे सहा दिवसांत सगळे झाले. २१ नोव्हेंबरला शुक्रवारचा वर्ग होता. रक्षिताने पिशवी भरली, चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. गिरीराज कामावर गेला होता. तिला नको म्हणावे असे मला वाटले नाही आणि हो म्हणावे असेही वाटले नाही. मी साडी बदलली आणि निघाले. मेट्रो, पुढे ऑटो. मागच्या ओळीत वासंती बसायची ती खुर्ची रिकामी होती, तेथे बसले. मला कोणी काही विचारले नाही. रक्षिताच्या वर्गाच्या शिक्षिका हर्षिताबाई यांनी कॉफी आणून दिली. नाताळची लांब सुट्टी सोडून असे अकरा शुक्रवार झाले. त्या दिवसांतले मला फार आठवत नाही. माझ्या लग्नात कोणी कोणता आहेर केला ते मी आजही सांगेन, पण डिसेंबरात आम्ही काय जेवलो ते सांगता येणार नाही.

७. सोमवार ते गुरुवार रक्षिता पुस्तक उघडून स्वतःच पाठ करी. मी समोर बसे. दर गुरुवारी तक्ता भरायचा असतो. किती वेळ पाठांतर केले, काय वाचले, काय लिहून काढले, आणि शेवटच्या रकान्यात शिकवणाऱ्या पालकाची सही. आधीच्या तेरा तक्त्यांवर त्या रकान्यात ‘वासंती’ असे होते. चौदाव्यावर मी तेच लिहिले. त्यानंतर दहा वेळा लिहिले.

आपण कारण विचारले आहे. मी एकतीस वर्षे घड्याळांच्या कारखान्यात जुळणीच्या टेबलावर होते. आमच्या ओळीत सगळ्या बायकाच होत्या. प्रत्येकीपुढे अर्धवट जुळलेल्या घड्याळांचा ट्रे असे आणि ट्रेसोबत एक कार्ड. बाई आजारी पडली किंवा बाळंतपणाला गेली की तिचा ट्रे बदली बाई पुरा करी, पण कार्डावर रोज नाव लिहायचे ते जिने ट्रे सुरू केला तिचे. बदली बाईने आपले नाव घालणे आमच्यात हलकेपणाचे समजत. गिरीराजच्या वेळी माझा ट्रे रुक्कम्मा नावाच्या बाईने पुरा केला आणि रोज कार्डावर ‘जमना’ लिहिले. मी परत आले तेव्हा तिने ते कार्ड माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, घे, तुझे नाव मोडले नाही. ऑगस्टमध्ये वासंतीने सुरू केलेले वर्ष मी पुरे करत होते. त्यावर माझे नाव घालावे असे माझ्या मनात आले नाही. कारखान्यात ती बाई परत येत असे, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

तक्ते दर शुक्रवारी आपल्या पेटीत टाकले. ते कोणी उघडून पाहिले नाहीत. पाहिले असते तर पहिल्याच आठवड्यात विचारले असते, आणि मी खरे सांगितले असते, असे मला वाटते. खात्री देत नाही.

८. २७ फेब्रुवारीला आपण प्रत्येक मुलाची फाइल तपासत होता. रक्षिताची फाइल उघडल्यावर आपण थांबलात. या सह्या कोणी केल्या, असे आपण तिला विचारले. ती म्हणाली, ‘आईने.’ आपण तिला तारीख दाखवली आणि हळू आवाजात पुन्हा विचारले. ती पुन्हा म्हणाली, ‘आईने.’ आपला आवाज चढला नव्हता, हे मी लिहून देते. मी दहा पावलांवर बसले होते आणि मला सगळे ऐकू आले. उठून ‘मी केल्या’ एवढेच म्हणायचे होते. मी उठले नाही. का उठले नाही हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही. पाय चांगले आहेत, आवाज चांगला आहे. मी पर्सची चेन उघडत आणि लावत बसले. शेवटी हर्षिताबाईंनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मान हलवली. आपण जवळ येऊन म्हणालात, ‘आज्जी, मला फार वाईट वाटतंय. पण खोट्यावर आम्ही मुलांना काही शिकवू शकत नाही.’ ते मला पटले. नंतर आपण फाइलवर शेरा लिहिलात की विद्यार्थिनी विचारले असता दोनदा खोटे बोलली, आणि तिचे अंतिम पाठांतर थांबवले. त्या दिवसापासून आम्ही शुक्रवारी आलेलो नाही.

९. परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. रक्षिताने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘आज्जी, तुला आईसारखी सही येत नाही. आई शेवटची वेलांटी मागे ओढून सगळ्या नावावर छप्पर घालायची. तू नुसतं लिहितेस.’

तुला हे कधी कळले, असे मी विचारले.

‘पहिल्याच वेळी.’

मग बोलली का नाहीस, असे मी विचारले.

‘बोलले असते तर तू थांबली असतीस.’

शेजारची मुलगी मोबाईलवर काही बघून हसत होती. यशवंतपूर आले आणि आम्ही उतरलो. हे आपणांस कळवते, कारण ती खोटे बोलली एवढेच फाइलवर आहे. का बोलली यासाठी तेथे रकाना नाही.

१०. आपण नंतर फोन करून एक मार्ग सुचवलात, त्याबद्दल आभारी आहे. मी स्वतः शिकवणारी पालक म्हणून नाव नोंदवावे, म्हणजे अकरा आठवडे माझ्या नावे मान्य करता येतील, असे आपण म्हणालात. गिरीराज सकाळी सातला होसकोट्याला जातो, त्यामुळे त्याला ते शक्य नाही. नोंदणीसाठी विश्वासाच्या कबुलीपत्रावर सही लागते. हर्षिताबाईंनी घरी येऊन ते मला कन्नडमधून समजावून सांगितले. मी शेवटपर्यंत ऐकले. त्यात वाईट काही नाही. पण त्यात लिहिले आहे ते मी मानते, असे मला म्हणता येत नाही. मी रोज सकाळी अंबाबाईला हळदकुंकू वाहते आणि उद्याही वाहीन. गिरीराज म्हणाला, ‘अक्का, टाक ना सही करून. कोण बघायला येतंय?’ मी वासंतीचे नाव लिहिले तेव्हा मला ते खोटे वाटले नव्हते. हे लिहिताना वाटेल. म्हणून कबुलीपत्र सही न करता परत जोडले आहे.

११. अकरा आठवडे बाद झाले तर रक्षिताचे वर्ष अपुरे राहते. तसे झाल्यास गिरीराज तिला होसकोट्यापलीकडच्या निवासी शाळेत घालणार आहे. प्रवेशाची मुदत १४ मार्चपर्यंत आहे. तो वाईट बाप नाही. ती पाठांतर म्हणू लागली की तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवतो, एवढेच. ती शाळेत गेली तर घरी कोणीही काही म्हणणार नाही आणि त्याला नळ सोडावा लागणार नाही. मला ते नको आहे. तरी पुढील विनंत्या आहेत :

(अ) आठवडा १४ ते २४ ग्राह्य धरावेत आणि त्यांवरील सह्या माझ्या समजाव्यात.

(आ) १३ मार्चला रक्षिताला अंतिम पाठांतराला बसू द्यावे आणि उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र द्यावे.

(इ) तिच्या फाइलवरील शेरा खोडून तो माझ्या नावे लिहावा. समूहात माझी फाइल नाही. शेरा लिहिण्यापुरती नवी उघडावी. मी फुलवालीला वर्षभर ताप आहे असे सांगत होते, तेही त्यात लिहायला माझी हरकत नाही.

१२. येथपर्यंतचा अर्ज काल लिहून झाला होता. आज सकाळी तो पुन्हा वाचला आणि काही बदल करायचे ठरवले. नवा कागद घेत नाही, पुढेच लिहिते.

विनंती (अ) मागे घेते. नियमाप्रमाणे शिकवणाऱ्या पालकाची सही हवी, आणि मी शिकवले असे मला म्हणता येणार नाही. मी समोर बसले होते.

विनंती (आ) ही मागे घेते, प्रमाणपत्र नको. वासंतीने पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र कपाटात ठेवले होते, ते रक्षिताला अजून सापडलेले नाही आणि तिने शोधलेलेही नाही.

विनंती (इ) रक्षिताला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘शेरा राहू दे आज्जी. मी बोललेच होते ना.’ तेव्हा तीही मागे घेते.

होसकोट्याची शाळाही वाईट नसेल. गिरीराज पाहून आला आहे. खिडक्या मोठ्या आहेत म्हणतो.

मग काय राहते ते लिहिते. पहिल्या तेरा आठवड्यांत रक्षिता म्हणत असताना वासंती पाठमोरी काम करत असे. एखादा शब्द चुकला की न वळता एक बोट वर करी. रक्षिता थांबे, तो शब्द पुन्हा म्हणे आणि बोट खाली जाई. चौदाव्या आठवड्यापासून ती कोठेही थांबत नाही. सरळ शेवटपर्यंत म्हणते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवते. बरोबर आहे की चूक, ते मला कळत नाही, आणि मला कळत नाही हे तिला माहीत आहे. रोज ती बघते आणि रोज मी मान हलवते. शुक्रवारी हर्षिताबाई तिला दुरुस्त करत, तेही आता बंद आहे. घरात तिला चूक सांगणारे कोणी राहिलेले नाही.

तरी आपण एकदा, फाइल न उघडता आणि कशात नोंद न करता, तिचे अकरा आठवडे ऐकावेत आणि चुकेल तेथे तिला थांबवावे. एवढीच विनंती आहे. वार आणि वेळ आपण कळवाल ती. मी बाहेर बसेन.

आपल्या निरोपाची वाट पाहणारी,

जमनाबाई दामोदर लाड

सोबत :
१. वासंती गिरीराज लाड हिचा मृत्यूचा दाखला, प्रत.
२. समितीचे पत्र, पाकिटासह.
३. विश्वासाचे कबुलीपत्र, सही न केलेले.
४. आठवडा १४ ते २४ चे तक्ते आपल्याकडेच आहेत.
५. आठवडा १४ ते २४ चे पाठांतर. जोडता येत नाही. म्हणायला बावीस मिनिटे लागतात.